पितराचा पाट

माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील हिंमतराव, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही डोणगावच्या बाजाराला पायी जाऊन पायी परत येत. जाण्यायेण्यात जेवढा वेळ जाई, त्याच्या दुप्पट वेळ ते गावाला ऐकवण्यात जाई. गाव लहान, त्यामुळे त्यातून सुटका कोणाचीच नव्हती.

मी तेव्हा नागपूरला डॉक्टरी शिकत होतो. दुसरी लढाई सुरू होऊन दीडेक वर्ष झालं असेल. उन्हाळ्याच्या सुटीआधी आमच्या एका मास्तरांनी वर्गाला काम लावून दिलं. म्हणाले, आजारी माणसं तुम्ही जन्मभर पाहणारच आहात. या सुटीत अशी म्हातारी माणसं गाठा, जी आजारी पडत नाहीत. त्यांच्याकडे एकदा जाऊन भागणार नाही. पुन्हा पुन्हा जा, बसा, ती काय खातात, कशी झोपतात, सकाळी कशासाठी उठतात ते विचारा. खाणं आणि झोपणं मला समजलं. कशासाठी उठतात हे काय विचारायचं, ते काही कळलं नाही.

आजोळी जाऊन मी सुरुवात घरापासूनच केली. आबाजी ओसरीवर मांडी ठोकून बसले आणि मला सांगू लागले.

“लिही. पहाटे उठतो. लिही. दोन वक्त जेवतो, तिसऱ्यांदा कोनाच्या बापाचं खात नाही. अन हे लिही, निवृत्ती, मानमोडीत सारं गाव आडवं झालं होतं. तुही आजी सोजरा गेली. माह्या अंगात ताप फणफणत होता, तरी मी एकट्यानं नेली तिले. एकट्यानं खांदा देल्ला.”

मानमोडी म्हणजे पहिल्या लढाईच्या शेवटी आलेली तापाची साथ. त्या तापात माणसाला तांब्याही उचलवत नसे, असं आम्हाला शिकवलेलं. पण ही खांद्याची गोष्ट माझ्या आईनं डोळे पुसत पुसत आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की शंका घेणं पाप वाटे. शिवाय त्या घरात आबाजींना मध्ये तोडायची पद्धत नव्हती.

संध्याकाळी मामी चुलीपुढे हळूच म्हणाली, “खरं धट्टंकट्टं माणूस पाहाचं असंन त नाल्यापल्याड जा. झुंबरबाईच्या मळ्यात. पन माह्यं नाव सांगू नका बापा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाला ओलांडला. झुंबरबाई चिवळीच्या पालेभाजीच्या वाफ्यात उकिडवी बसून खुरपत होती. पंचाहत्तरीच्या आसपासची बाई, पण मला पाहून उठली ती गुडघ्यावर हात न टेकता.

“कोनाचा बे तू?”

“हिंमतरावांचा नातू. डॉक्टरी शिकतो. म्हाताऱ्या माणसांना भेटून राहिलो...”

तिनं खुरपं खाली ठेवलं. मग तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “तुह्या आज्याले दात हायेत का अजून?”

मी म्हणालो, आहेत की, बरेच आहेत. तिनं मान हलवली. मग विचारलं, पोट साफ राहते का, चालताना दम लागते का, रात्री झोपते का. प्रश्न मी विचारायला गेलो होतो आणि उत्तरंही मीच देत बसलो. निघताना तिनं माझ्या उपरण्यात चिवळीची मोठी जुडी बांधून दिली. “त्याले खाऊ घाल. उन्हाळ्यात पोटाले थंडी असते.”

मला वाटलं, किती माया आहे या बाईच्या पोटात. माणसं ओळखण्यात मी तेव्हा अगदीच ढ होतो.

मामीनं जुडी पाहिली आणि निवडायला घेतली. “कच्च्या भाजीले दोष नसते,” एवढंच म्हणाली. मला त्यातलं काही उमजलं नाही. ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत उमजलं, जेव्हा मी झुंबरबाईच्या झोपडीपुढे बसलो असताना पाणी मागितलं आणि ती चमकून म्हणाली, “माह्या घरचं पानी पेशील तू? इथी कोनी पेत नाही.”

मी प्यालो. मग तिनं सांगितलं.

“मानमोडीत मढी पडून राह्यली होती. उचलाले कोनी नाही. माह्या धन्यानं, तुळशीरामनं, बैलगाडी काढली. ज्याच्या घरी कोनी उठत नव्हतं त्याच्या घरचं मढं त्यानं नेलं. जात पाह्यली नाही. वेशीबाहेरच्या वस्तीतली मढीबी त्यानंच खांद्यावर घेतली. मंग त्यालेच ताप भरला. तो इथी पडलेला, अन तिकडे बरे झालेले पंच गोधड्यातून बाहेर निंघाले. म्हने तुळशीरामनं जात बुडवली. पाच पंच बसले. त्यायचा म्होरक्या कोन? तुहा आजा.”

“आणि तुळशीराम?”

“त्याच हप्त्यात गेला. पानी पाजाले कोनी आलं नाही, खांद्याले कोनी आलं नाही. ज्या गाडीत त्यानं गाव नेलं, त्याच गाडीत मी त्याले नेलं. बैल मीच हाकलले.”

हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हातातली गवार मोडायचं काम चालूच होतं. तिची गवार, तिची भेंडी, तिचा दुधी डोणगावच्या बाजारात जाई आणि आमच्या जातीतल्या सगळ्या घरांच्या पोटात जाई. तिच्या घरी शिजलेलं मात्र कोणाला चालत नसे.

आता आखाजीचं सांगायला हवं. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि जातीतल्या कोणा मोठ्या माणसाला पितर म्हणून जेवायला बोलावतात. त्याचे पाय धुतात, पाटावर बसवतात. पाटावर बसला की तेवढ्या वेळापुरता तो माणूस स्वतः नसतो, तो त्या घरचा मेलेला माणूस असतो. घरचे त्याच्याशी तसंच बोलतात, खुशाली विचारतात, आणि तोही मेलेल्याच्या वतीनं उत्तर देतो. त्या पाटावर खोटं बोलत नाहीत. आणि काही झालं तरी ताट टाकून उठत नाहीत. उठला तर पितर उपाशी गेला, आणि त्याचा शाप उठणाऱ्याच्या घराला.

“दर आखाजीले पाट मांडतो,” झुंबरबाई म्हणाली. “पुरन शिजवतो. ताट वाढतो. पाटावर कोनी बसत नाही. ताट गाईपुढं ठेवतो. माहा धनी गाव उचलून उपाशी गेला, तो अजून उपाशीच हाये.”

“हे वाळीत टाकणं उठत नाही का?”

“ज्यायनं टाकलं त्यायच्यातल्या एकानं पहिला घास घ्या लागते. पंच मेला का त्याचा बोल तसाच राहते. चार मेले. चौघाईच्याबी मौतीले मी गेली. लांब उभी राहून पाह्यलं, चांगलं जळेपर्यंत थांबली.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “एक उरला. त्याले मरू देऊ नको, बाबू. तू डाक्टर होऊन राह्यला ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच मी आबाजींना सरळ विचारलं, की गावाची मढी उचलणाऱ्या माणसाला तुम्ही वाळीत टाकलंत ते खरं का?

आबाजींनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग त्यांची मान नेहमीसारखी ताठ झाली. “तिनं कान फुकले काय तुहे? जातीले शिस्त लागते बे. सारे आपल्याच मनानं वागले त गाव राह्यन काय? तिले सुटाचं असंन त येऊ दे. माह्या पायावर डोकं ठेवू दे चार लोकायपुढं. मंग पाहू.”

“तिचा नवरा मेला, आबाजी.”

“माह्यी बायको नव्हती मेली?” ते ओरडले. “पन मी माह्या हातानं नेली!”

ज्या ताठ पाठीचं मला लहानपणापासून कौतुक वाटत आलं होतं, तिचा त्या दिवशी तिरस्कार वाटला. काठी घेऊन ते बाजाराला निघाले तेव्हा मनात आलं, बसायला हवा एकदा धक्का या माणसाला. आलं ते आलं. आजही त्याची मला लाज वाटत नाही.

आणि त्याच आठवड्यात धक्का बसला. डोणगावहून भर दुपारी परत येताना आबाजींना ऊन लागलं. वाटेत पडले, लोकांनी गाडीत घालून आणलं. अंग चुलीतल्या विटेसारखं तापलेलं, तोंडानं बरळणं चाललेलं. मी ओल्या धोतरात गुंडाळून त्यांना वारा घालत बसलो. शिकलेलं सगळं आठवून आठवून केलं. तिरस्कार एकीकडे आणि हातातलं काम एकीकडे.

दुपार कलली तसं मामीनं मला दारात बोलावलं. झुंबरबाई आली होती. अंगणात पाऊल न टाकता रस्त्यावर उभी होती, पाटीत कांदे आणि कैऱ्या. त्या उन्हात तीही उभी राहू नये अशा वयाची.

“जीव हाये ना?”

“आहे.”

“कांदा ठेचून तळपायाले लाव. कैरी भाजून पन्हं पाज.” ती पुढे सरकली आणि मला खालच्या आवाजात म्हणाली, “जगव त्याले. कसंबी कर, पन जगव.”

तिच्या तोंडावर काळजी होती, अगदी खरी. मामीचे डोळे भरून आले. माझेही आले. इतकं सोसून ही बाई वैऱ्यासाठी उन्हात उभी राहते, असं मला वाटलं, आणि मास्तरांना काय सांगायचं ते तिथल्या तिथे मनात ठरूनही गेलं. क्षमेनं आयुष्य वाढतं, असलं काहीतरी. बरं झालं, कोणापाशी बोललो नाही.

आबाजी उठले. हळूहळू काठीनं अंगणात फिरू लागले. नाल्यापल्याडून रोज दुधी येई, पालक येई, आणि रोज तिचे तेच प्रश्न येत. पोळी चावते का? मांडी घालून बसते का? किती वेळ बसते? आबाजींना भाजी कुठून येते ते कळलं होतं. खात होते आणि मिशीत हसत होते. “नरमून राह्यली,” म्हणायचे.

आखाजी जवळ आली तेव्हा झुंबरबाईनं मला सांगितलं, “तुह्या आज्याले माह्यं बलावणं सांग. माह्या धन्याच्या पाटावर बसा म्हना. साऱ्या जातीपुढं तुमचे पाय धुतो, पायावर डोकं ठेवतो म्हना.”

मी निरोप सांगितला. आबाजी काठी आपटून हसले. “वाकली! शेवटी वाकली बुढी!” त्यांनी स्वतःच घरोघरी बोलावणी पाठवली. ती माझे पाय धुते हे पाहायला या, असंच होतं ते. ट्रंकेतला जरीकाठी फेटा निघाला. आजारातून उठलेला माणूस असा नटला की मामीसुद्धा हसली.

झुंबरबाईच्या झोपडीपुढे मांडव घातला होता. सारी जात जमली. सगळ्यात पुढे म्हातारे उत्तमराव, आबाजींच्या मागून आता नव्या पंचांत तेच मोठे. आत घागर भरून ठेवलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, पुढे पाट, आणि पाटापुढे ताट. पुरणपोळी, कुरडया, वडे, चिंचवणी. आबाजींनी जोडे बाहेर काढले. झुंबरबाईनं परातीत त्यांचे पाय ठेवले, चोळून धुतले, पदरानं पुसले आणि खरोखरच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आबाजींनी लोकांकडे एकदा नजर फिरवली आणि पाटावर बसले.

तिनं कपाळाला गंध लावलं आणि समोर बसली.

“धनी, आले?” तिनं विचारलं. रिवाजच तसा.

“आलो.”

“खुशीत हा ना?”

“हाव.” आबाजींचा हात पोळीकडे गेला.

“थांबा धनी. एक इचाराचं राह्यलं. तुमी तापात बोललेच नाही माह्याशी.” तिचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत जात होता. “मानमोडीत शेवटचं मढं तुमी कोनाच्या घरून नेलं?”

आबाजींचा हात तिथंच राहिला. “झुंबर, हे काय लावलं तू?”

“झुंबर त मी हावच. तुमी कोन हा? हिंमतराव त जोड्यासंगं बाहेर राह्यला. पाटावर माहा धनी बसला हाये. त्याले इचारून राह्यली मी. कोनाचं मढं?”

आबाजींनी उठायला हात टेकला. तेव्हा उत्तमरावच घाबरून म्हणाले, “हिंमतराव, ताट टाकून उठू नका हो. घरादाराले लागते ते.” आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा नातू, मी हात दिला असता तर ते कदाचित उठले असते. मी हात दिला नाही. मला द्यायचा नव्हता.

“हिंमतरावच्या घरून,” आबाजी म्हणाले. ऐकू येईल न येईल असं.

“मोठ्यानं बोला धनी. लोकाईले ऐकू द्या.”

“हिंमतरावच्या घरून. सोजराचं.”

मामीनं तोंडावर हात ठेवला. मला माझी आई दिसली, डोळे पुसत खांद्याची गोष्ट सांगणारी.

“अन हिंमतराव कोठी होता?”

“आत. गोधडीत.”

“त्याच्या अंगात ताप होता, खरं हाये. तुमच्या अंगात नव्हता?”

“होता.”

“मंग बाईले खांद्यावर कोनी घेतलं?”

“म्या घेतलं.”

“कोनत्या गाडीत घातलं?”

“त्याच. वस्तीतली मढी नेली त्याच गाडीत.”

“अन मंग हिंमतरावनं तुमच्यासंगं काय केलं, धनी?”

आबाजींच्या फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर आला होता. तो सारखा करायचंही त्यांना सुचलं नाही. “मले वाळीत टाकलं,” ते म्हणाले.

“काऊन?”

“सोजरा त्या गाडीत गेली हे कोनी तोंडावर बोलू नये म्हनून. मी जातीत राह्यलो असतो त बोललो असतो.”

एवढं बोलून ते रडायला लागले. लहान मूल रडतं तसे, नाक वाहवत. मी माझ्या आजोबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. कोणाला खोटं वाटलं तर वाटो, पण मला बरं वाटलं. आत कुठेतरी थंड पडल्यासारखं बरं वाटलं.

“जेवा आता,” झुंबरबाई म्हणाली. “लय दिसाचे उपाशी हा.”

आबाजींनी पहिला घास घेतला. पुरण त्यांना गिळवत नव्हतं. ती समोर बसून पोळीवर तूप ओतत होती, चिंचवणी वाढत होती, “घ्या, अखिन घ्या” म्हणत होती, अगदी नवऱ्याला वाढावं तसं. ताट स्वच्छ होईपर्यंत तिनं त्यांना उठू दिलं नाही. मला आता कळलं, दात का विचारले होते, मांडी का विचारली होती.

आबाजी उठले, हात धुतले, कोणाकडे न पाहता जोडे घातले. पहिला घास झाला म्हणजे घर जातीत आलं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उत्तमरावांनी बाह्या वर केल्या आणि पंगत धरून खाली बसले. त्यांच्यामागून दहा-बारा जण बसले.

“उठा,” झुंबरबाई म्हणाली. “पंगत नाही. एका पाटापुरताच सैपाक हाये.”

“अवो पन, तू त जातीत आली आता,” उत्तमराव म्हणाले.

“मी आली. तुमाले माह्या घरात घेतलं नाही मी अजून. ते मी ठरवीन.”

सगळी जात मांडवातून उपाशी उठली आणि भर उन्हात घरी गेली.

आबाजी त्यानंतर ओसरीवरून खाली उतरले नाहीत. बाजार नाही, ऐकवणं नाही. मामी वाढेल ते दोन घास खाऊन बाजूला सारत. माझी सुटी संपत आली तेव्हा एका सकाळी स्वतःहून म्हणाले, “निवृत्ती, तिच्याकडून चिवळ आण रे थोडी. तेच जाते तोंडात.”

मी पाटी घेऊन नाल्यापलीकडे गेलो. झुंबरबाई वाफ्याला पाणी देत होती. चिवळ वाफाभर दाटून आली होती, कापायला झालेली.

“आबाजींनी भाजी मागितली आहे,” मी म्हणालो.

“भाजी नाही.”

“हा वाफा तर भरलेला आहे.”

“डोणगावले जाईन ते. तुह्या आज्याचं काम सरलं.”

मी तिथंच उभा राहिलो. मास्तरांचा तो राहिलेला प्रश्न मला आठवला आणि मी विचारलं, “आजी, तुमचंही काम सरलंच की. आता सकाळी कशासाठी उठाल?”

तिनं पाण्याला दुसऱ्या सरीत वाट करून दिली. मग कंबर सरळ करून माझ्याकडे पाहिलं.

“चौघाईच्या मौतीले लांब उभी राह्यली. याच्या मौतीले अगदी जवळ जाईन. आता मी जातीत हाये ना.”

रिकामी पाटी घेऊन मी परत आलो. आबाजी ओसरीच्या टोकाला येऊन वाट पाहत बसले होते.

“काय म्हने बुढी?” त्यांनी विचारलं.

“तुमची तब्येत विचारली,” मी सांगितलं.